तडजोड मोडली तर: दावा लावण्याआधी कागद तपासा, समोरून येणारे आक्षेप ओळखा

समजा, पिंपळगाव बसवंतच्या व्यापाऱ्याकडे निफाडच्या बागायतदाराचे द्राक्षांचे १० लाख रुपये अडकले. दावा लागला, दोन वर्षे तारखा पडल्या, मग चार जाणती माणसे मध्ये पडली आणि ७ लाखांवर मिटले. दोन हप्ते आले, तिसरा आलाच नाही. आता बागायतदार विचारतो, ‘तडजोड मोडली, नवा दावा लावू का?’ व्यापाऱ्याने काय केले यापेक्षा तडजोड कोणत्या कागदावर, कोणासमोर आणि कोणाच्या सहीने झाली, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून असते. अशा कितीतरी दाव्यांत पुराव्याची वेळच येत नाही. ‘हा दावा चालूच शकत नाही’ एवढ्या एका अर्जावर ते थांबतात. म्हणून समोरचा वकील जे आक्षेप घेईल ते आपणच आपल्या कागदांवर आधी घेऊन पाहायचे. पुढची मांडणी त्याच क्रमाने आहे.

पहिली पायरी: आपल्या हातात नेमके काय आहे

जुन्या दाव्याची फाईल घ्या. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (दाव्याचा ओळख क्रमांक) टाकला की दाव्याची स्थिती आणि शेवटचा आदेश दिसतो, पण तेवढ्यावर थांबू नका. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून तडजोड पुरसीस (पक्षकारांनी न्यायालयात दिलेले लेखी निवेदन), त्यावरचा आदेश, हुकूमनामा (न्यायालयाचा बंधनकारक निर्णय) आणि शेवटच्या दोन-तीन तारखांचा रोजनामा (त्या तारखेला न्यायालयात काय झाले याची नोंद) यांच्या प्रमाणित प्रती काढा. रोजनाम्यातल्या एका ओळीवर पुढचे सगळे ठरते. ‘तडजोडीप्रमाणे हुकूमनामा करावा’ असे लिहिले आहे, की ‘वादीने दावा काढून घेतला, निकाली’ एवढेच?

पहिला प्रकार असेल तर तुमच्याकडे हुकूमनामा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ प्रमाणे लेखी, सह्यांची आणि कायदेशीर तडजोड न्यायालयाने नोंदवली की तिचा हुकूमनामा होतो. तो मोडला म्हणून नवा दावा लावायचा नाही, दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, लावायची. नवा दावा लावलात तर कलम ४७ समोर येईल. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे पक्षकारांमधले प्रश्न दरखास्तीतच सुटतात, वेगळ्या दाव्यात नाहीत.

लोकअदालतीत मिटले असेल तर तो निवाडा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम २१ नुसार तो दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाच समजतात आणि त्यावर अपील नाही. धनादेशाचा फौजदारी खटला लोकअदालतीत मिटला असला, तरी त्या निवाड्याची दिवाणी दरखास्त लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केले आहे, तरी ‘खटला फौजदारी होता, आता काय करणार’ म्हणून लोक गप्प बसतात.

सर्वात घातक प्रकार तिसरा. तडजोडनामा नोटरीसमोर झाला, न्यायालयात मात्र ‘आपसात मिटले, दावा काढून घेतो’ एवढीच पुरसीस दिली. अटी रेकॉर्डवर आल्याच नाहीत. जुना दावा संपला, हुकूमनामा नाही, आणि नवा दावा लावण्याची परवानगी मागितली नसेल तर आदेश २३ नियम १(४) मुळे त्याच विषयावर पुन्हा दावा करता येत नाही. हातात उरतो तो फक्त तडजोडनामा, एक करार म्हणून. त्यावर दावा होतो, पण तो नीट लिहावा लागतो. त्याकडे तिसऱ्या पायरीत येऊ.

दुसरी पायरी: हुकूमनामा असेल तर दरखास्त

पैशांच्या किंवा ताब्याच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांत लावता येते. हप्त्यांचा हुकूमनामा असेल तर ज्या हप्त्याची चूक झाली त्या तारखेपासून त्या रकमेची मुदत मोजतात. आज्ञार्थी मनाईचा हुकूमनामा असेल, म्हणजे अमुक भिंत पाडावी, अमुक रस्ता मोकळा करावा, तर मुदत फक्त ३ वर्षे आहे. बांधाच्या आणि वहिवाटीच्या तडजोडींत हा फरक लक्षात न आल्यामुळे हुकूमनामा हातचा जातो.

आदेश २१ नियम ११ प्रमाणे दरखास्तीत दावा क्रमांक, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झाले का, आतापर्यंत काय वसूल झाले, आधी दरखास्त लावली होती का, बाकी किती आणि कोणत्या मार्गाने वसुली हवी हे तक्त्यात लिहावे लागते. ‘कोणत्या मार्गाने’ हा रकाना मोघम ठेवू नका. बँक खाते क्रमांक, गट क्रमांक, गाळ्याचा पत्ता, वाहनाचा नोंदणी क्रमांक यांपैकी जे माहीत असेल ते द्या. काहीच माहीत नसेल तर नियम ४१ खाली ऋणकोने (हुकूमनामा ज्याच्याविरुद्ध आहे त्याने) मालमत्तेचे शपथपत्र द्यावे असा अर्ज करा. आदेश मोडला तर त्याला ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. खरेदीखत करून द्यायचे ठरले होते आणि तो करत नसेल, तर नियम ३४ खाली मसुदा दाखल करा. हरकतींचा निकाल लागल्यावर न्यायालयच त्याच्या वतीने दस्त करून देते.

हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटली असतील, किंवा ऋणको वारला असून वारसांविरुद्ध दरखास्त असेल, तर नियम २२ ची नोटीस आधी काढावी लागते. ती न काढता जप्ती आणली की पहिलाच आक्षेप तिथे येतो.

ऋणकोची बाजू असेल तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. हुकूमनाम्यानंतर न्यायालयाबाहेर दिलेले पैसे न्यायालयात नोंदवून घ्यावे लागतात, त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. न नोंदवलेली रक्कम दरखास्तीचे न्यायालय विचारात घेत नाही. ‘रोख दिले होते, साक्षीदार आहेत’ हे तिथे चालत नाही. पैसे बँकेतूनच द्या आणि लगेच अर्ज करा.

‘ती तडजोडच फसवून करून घेतली’ असे म्हणणाऱ्यालाही वेगळा दावा करता येत नाही. आदेश २३ नियम ३-अ ने तो रस्ता बंद केला आहे. संमतीच्या हुकूमनाम्यावर कलम ९६(३) मुळे अपीलही नाही. ज्या न्यायालयाने तडजोड नोंदवली तिथेच अर्ज करून ती नोंद रद्द करून मागायची. पुष्पादेवी भगत प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच एक मार्ग सांगितला. लोकअदालतीच्या निवाड्याला आव्हान मात्र फक्त उच्च न्यायालयात रिट याचिकेने देता येते, आणि तेही अगदी मर्यादित कारणांवर. नाशिक जिल्ह्याची ही याचिका मुंबईला जाते. शेजारचे धुळे आणि जळगाव औरंगाबाद खंडपीठाकडे आहेत, म्हणून तिकडच्या नातेवाइकांच्या सांगण्यावर जाऊ नका.

तडजोड मोडली म्हणजे न्यायालयाचा अवमान झाला, असेही धरून चालू नका. पक्षकाराने न्यायालयाला स्पष्ट हमी दिली असेल आणि ती न्यायालयाने स्वीकारली असेल तरच तो विचार होतो. नुसता हुकूमनामा मोडल्यावर उपाय दरखास्तीचाच.

तिसरी पायरी: खासगी तडजोडनाम्यावरचे वादपत्र

वादपत्रात, म्हणजे दावा मांडणाऱ्या अर्जात, दाव्याचे कारण ‘तडजोडनामा’ हे हवे, जुने येणे नव्हे. द्राक्षे कधी तोडली, काटा किती भरला, भाव काय ठरला, यावर चार पाने खर्चून शेवटी ‘मध्यंतरी तडजोडही झाली होती’ असे लिहिले, की समोरचा वकील म्हणतो: हा तर काढून घेतलेला जुनाच दावा. आणि त्याचे म्हणणे बरोबर ठरते. पार्श्वभूमी एका परिच्छेदात संपवा. नंतर क्रमाने लिहा: तडजोडनाम्याची तारीख आणि सह्या, प्रत्येक अट, आपण आपली कोणती अट केव्हा पाळली (जुना दावा काढून घेतला तो दिनांक इथे), समोरच्याने कोणती अट कोणत्या तारखेला मोडली, नोटीस केव्हा दिली आणि आज नेमके काय मागतो.

खरेदीखत, ताबा अशी विशिष्ट पूर्तता मागत असाल तर आपण आपल्या वाट्याचे करायला तयार होतो आणि आहोत, हे विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १६(क) प्रमाणे दाखवावे लागते. उरलेले पैसे द्यायचे होते तर ते खात्यात होते याचा उतारा जोडा.

दावा लावण्याची मुदत साधारण ३ वर्षे. करारात पूर्ततेची तारीख ठरली असेल तर त्या दिवसापासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळले तेव्हापासून. ‘पावसाळ्यानंतर देतो’, ‘हंगाम झाला की बघू’ अशी भाषा तडजोडनाम्यात असेल तर मुदतीवरून हमखास वाद होतो. मधल्या काळात त्याने हप्ता देऊन त्याबद्दल स्वतःच्या हातचे लिहिले, किंवा बाकी कबूल करून सही केली, तर तिथून मुदत नव्याने सुरू होते, मात्र ती कबुली आधीची मुदत संपण्यापूर्वीची हवी.

तडजोडीत ठरलेल्या हप्त्याचा धनादेश परत आला असेल तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा मार्गही खुला असतो. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे देण्यासाठी, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. जिम्पेक्स प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तडजोडीचा धनादेश वटला नाही तर ते नवे कारण आहे, पण जुन्या धनादेशाचा खटला आणि नव्याचा खटला दोन्ही सोबत चालवता येत नाहीत.

चौथी पायरी: समोरून येणारे आक्षेप

पहिले शस्त्र आदेश ७ नियम ११ चा, म्हणजे वादपत्र नामंजूर करण्याचा अर्ज. यात न्यायालय फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद वाचते, प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर) वाचत नाही. म्हणून आपल्याच लिखाणातली चूक इथे जास्त नडते. कारणे ठरलेली आहेत: दाव्याचे कारणच दिसत नाही, मूल्यांकन कमी दाखवले, कोर्ट फी कमी भरली, किंवा दावा कायद्याने बाधित आहे. फी आणि मूल्यांकनाची चूक दुरुस्त करायला न्यायालय वेळ देते. चौथे कारण मात्र सुधारता येत नाही, आणि तडजोडीच्या दाव्यांत बहुतेक आक्षेप त्याच्याच पोटात येतात: आदेश २३ चा नियम ३-अ, मुदत, दुसऱ्या न्यायालयाचा अधिकार.

वाणिज्यिक वाद हा नव्या लोकांच्या लक्षात न येणारा आक्षेप आहे. दोन व्यापाऱ्यांमधला ३ लाख किंवा जास्त रकमेचा वाद वाणिज्यिक ठरला, तर तातडीचा अंतरिम आदेश मागत नसाल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीची मध्यस्थी करावीच लागते. तिला ३ महिने लागतात, दोघांच्या संमतीने आणखी २ महिने, आणि हा काळ मुदतीतून वगळतात. पाटील ऑटोमेशन प्रकरणाच्या २०२२ च्या निकालानंतर, म्हणजे २० ऑगस्ट २०२२ पासून, ही पायरी गाळलेले वादपत्र नामंजूर होते. आपला वाद वाणिज्यिक आहे की नाही याबद्दल शंका असेल तर मध्यस्थीचा अर्ज करून घेणे शहाणपणाचे.

भागीदारी पेढीच्या तडजोडींत दोन खड्डे आहेत. पेढी नोंदणीकृत नसेल तर भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे करारातून आलेल्या हक्कासाठी तिला दावा करता येत नाही. आणि तडजोडीवर एकाच भागीदाराने सही केली असेल, तर कलम १९ प्रमाणे पेढीचा वाद मिटवण्याचा अधिकार त्याला आपोआप नसतो, इतर भागीदारांची संमती लागते. कंपनी असेल तर ठराव, मुखत्यार असेल तर मुखत्यारपत्रातला तडजोडीचा स्पष्ट अधिकार पाहा. घरच्या वाटणीत अज्ञान मुलगा असेल आणि न्यायालयाची परवानगी न घेता त्याच्या पालकाने मिटवले असेल, तर आदेश ३२ नियम ७ खाली ती तडजोड त्या मुलाच्या बाजूने रद्द होण्याजोगी राहते.

जमिनीच्या तडजोडीकडे नाशिकमध्ये विशेष लक्ष द्यावे लागते, कारण ‘कायदेशीर तडजोड’ या दोन शब्दांत महसुलाचे सगळे कायदे येतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण, दिंडोरी या भागांत आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे देण्याची अट महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ला धडकते. शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला देण्याचे ठरले तर कुळकायद्याचे कलम ६३, कुळाला मिळालेली जमीन असेल तर कलम ४३, आणि दोन-चार गुंठ्यांचे तुकडे पाडले असतील तर तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा. अशी अट असलेला तडजोडनामा कितीही सह्यांचा असला, तरी न्यायालय तो अमलात आणत नाही. सातबारा आणि फेरफार काढून ‘इतर हक्क’ रकाना वाचल्याशिवाय जमिनीच्या तडजोडीवर दावा लावू नका.

नोंदणीचा आक्षेपही येतो. दाव्यातल्याच मिळकतीबद्दलच्या तडजोड हुकूमनाम्याला नोंदणीची गरज नसते. पण मिटवताना दाव्याबाहेरचा एखादा गट त्यात घातला असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(सहा) चा अपवाद त्या गटाला लागत नाही. मुद्रांकाचे तसेच आहे. कमी मुद्रांकाचा तडजोडनामा पुराव्यात वाचता येत नाही, तूट आणि तिच्यावर महिन्याला २ टक्के दंड (कमाल तुटीच्या चौपट) भरल्यावरच त्यावर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडते. ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांचा किमान मुद्रांक १०० वरून ५०० रुपये झाला आहे, तेव्हा कपाटातला जुना शंभराचा कागद वापरून नवा तडजोडनामा करू नका. प्रतिवादी असाल तर हा आक्षेप निशाणी पडण्याआधीच घ्या. एकदा कागद पुराव्यात दाखल झाला की मुद्रांकाचा मुद्दा त्या दाव्यात पुन्हा उघडत नाही.

न्यायालय चुकले, हा आक्षेप सोपा असतो पण वेळ खातो. सहकारी संस्था आणि सभासदातला संस्थेच्या कारभाराचा वाद सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. तडजोडनाम्यात लवादाचे कलम असेल तर प्रतिवादी पहिली कैफियत देण्याआधी किंवा देताना लवाद कायद्याच्या कलम ८ चा, म्हणजे वाद लवादाकडे पाठवण्याचा अर्ज करतो. कैफियत देऊन बसला तर त्याचा तो हक्क गेला.

शेवटचा आक्षेप दंडाचा. ‘हप्ता चुकला तर तिप्पट द्यावे’ अशी अट असेल तर करार कायद्याच्या कलम ७४ खाली न्यायालय ती वाजवी भरपाईपर्यंत खाली आणते. पण ‘येणे १० लाख आहे हे कबूल, वेळेत दिले तर ७ लाखांवर सोडू, चुकल्यास पूर्ण १० लाख’ ही अट दंड नाही, ती सवलत होती आणि चुकल्यामुळे गेली. पैसे तेच, परिणाम वेगळा. त्यामुळे तडजोड लिहितानाच मूळ येण्याची कबुली पहिल्या परिच्छेदात घ्यावी. आमच्या मते तडजोडनाम्यातले सर्वात मोलाचे वाक्य हेच.

पाचवी पायरी: आक्षेपावर निकाल लागल्यावर

आदेश ७ नियम ११ चा अर्ज मंजूर होऊन वादपत्र नामंजूर झाले, तर तो आदेश हुकूमनामाच असतो आणि त्यावर अपील होते: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नक्कल मिळायला लागलेला काळ यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्या. अपिलाऐवजी चूक सुधारून नवे वादपत्र दाखल करण्याची मुभा नियम १३ देतो, पण मुदत शिल्लक असेल तरच. दोन्हींपैकी काय करायचे हे उरलेले दिवस मोजून ठरवा.

अर्ज फेटाळला गेला तर प्रतिवादी कलम ११५ खाली उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करू शकतो. तिथे स्थगिती मिळेपर्यंत खालचा दावा थांबत नाही, त्यामुळे कैफियतीची मुदत चालूच राहते: समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, वाढवून ९०, आणि वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर ती घेतच नाहीत.

चुकीच्या न्यायालयात गेल्यामुळे वादपत्र परत मिळाले असेल तर घाबरू नका. प्रामाणिकपणे आणि नेटाने तिथे घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मागता येतो. त्यासाठी पहिल्या न्यायालयात दाखल केल्याचा दिनांक, प्रत्येक तारखेचा रोजनामा आणि वादपत्र परत केल्याचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती नव्या वादपत्रासोबत जोडा. नेटाने चालवले हे त्याच कागदांवरून दिसते. तारखांना गैरहजर राहिला असाल तर तेवढ्या काळाचे वेगळे समर्थन द्यावे लागते.